उघडा तळवा

त्या दिवशी मी अडखळलो नव्हतो. अडखळल्याचं सोंग केलं होतं.

मी जन्माचा तोतरा आहे. आमच्याकडे हकला म्हणतात. शब्द घशाशी येऊन अडतो, ओठ थरथरतात, मान डावीकडे झटके देते आणि समोरचा माणूस उगाच दुसरीकडे पाहू लागतो. हे होऊ नये म्हणून मी आयुष्यभर धडपडलो. फक्त एकदा, अठरा वर्षांपूर्वी, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या अंगणात शब्द अगदी मोकळा ओठावर असताना मी तो अडल्याचं दाखवलं. त्यामुळे एका बाईचं काम गेलं. तिच्यासोबत आणखी सात जणींचं गेलं. माझं राहिलं. आज मी ज्या नोकरीत आहे ती त्याच कामाच्या जोरावर मिळालेली आहे, म्हणून हे सांगताना मला कुठेही मोठेपणा घेता येत नाही.

माझं गाव नाचणगाव, पुलगावला लागून. शाळेत हजेरी घेताना गुरुजी नाव पुकारत आणि मी उठून उभा राही. 'हजर' मधला 'ह' सुटायच्या आत गुरुजी दोन नावं पुढे गेलेले असत. पहिल्या बाकावर बसून मी कित्येक दिवस गैरहजर होतो. विहारात मात्र वेगळंच व्हायचं. रविवारी सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना माझं एक अक्षर अडत नसे. आई बाजूला बसून कान देऊन ऐकायची आणि घरी येताना म्हणायची, "पाय, येते ना बोलता तुले! मंग घरी काऊन नाई येत?" मी काय सांगणार? दहा जणांच्या आवाजात माझा आवाज लपत होता, आणि लपलेला असला की तो चांगला चालत होता.

बी.कॉम. झालो. मग पुढची आठ-नऊ वर्षं मी वर्ध्याला, पुलगावला, हिंगणघाटला मुलाखती दिल्या. त्या सगळ्या एकाच प्रश्नावर संपल्या. "नाव सांगा." माझ्या नावाचं पहिलं अक्षर माझं सगळ्यात अवघड अक्षर आहे. एका कार्यालयात साहेब शेजारच्याला म्हणाले, "याले नाव आठवू द्या, तवरिक आपण चहा पिऊन येऊ." दोघं खरंच उठून गेले. एका कापड दुकानाचा मालक भला माणूस होता. तो म्हणाला, "भाऊ, तू हुशार दिसतं. पण गिऱ्हाईक तुयासाठी थांबन काय?" घरी आलो की मी सांगायचो, जागा भरली होती. एवढं वाक्य मला नीट म्हणता येत होतं. फार वेळा म्हटल्यामुळे असेल.

शब्द टाळायच्या मी शंभर युक्त्या शिकलो होतो. बसमध्ये 'समुद्रपूर' म्हणता येत नसे, म्हणून मी पुढच्या गिरडचं तिकीट काढायचो आणि समुद्रपूरला उतरायचो. कंडक्टर म्हणायचा, "अहो, गिरड पुढं आहे." मी ऐकलं नाही असं दाखवून चालू लागायचो. दुकानात साबण मागायला गेलो की जे नाव सुटेल तो साबण घेऊन यायचो. हॉटेलात मला कधी जे खायचं ते खाता आलं नाही.

माझे मामा समुद्रपूर तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये ट्रॅक्टरनं कापूस पोचवायचे. मी एकतीस वर्षांचा असताना त्यांनी मला शेठपुढे नेऊन उभं केलं. शेठ कापसाच्या ढिगाजवळ उभे होते आणि आत सरकी काढणारी यंत्रं चालू होती. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. कानाशी ओरडलं तरी शब्द पोचत नाही. शेठनं मला काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही आणि मी जे म्हणू शकलो नाही ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी हातानंच खूण केली: बघ. मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, दोन बोटांत सरकी दाबली, दाताखाली धरली. लहानपणापासून आईसोबत कापूस वेचायला जात होतो, तेवढं माझ्या बोटांना कळत होतं. वरचा कोरडा होता, आतला ओला. मी वर बोट दाखवून तळवा हलवला, आत बोट दाखवून मूठ आवळली. शेठनं स्वतः हात घालून पाहिलं आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

असं मला काम मिळालं. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा कापूस हातानं तपासायचा आणि तो कुठे रिकामा करायचा ते सांगायचं. कोरडा असेल तर यंत्राजवळच्या मोठ्या ढिगावर, ओला असेल तर मागच्या ओट्यावर, उन्हात पसरायला. सांगायचं म्हणजे खुणेनं. उघडा तळवा म्हणजे कोरडा, मूठ म्हणजे ओला. अंगणाच्या मध्यावर एक बाई उभी असे. ती माझी खूण पाहून पुढे ट्रॅक्टरवाल्याला आणि गाडी रिकामी करणाऱ्या बायांना तीच खूण देई. आठ बायांच्या टोळीची ती मुकादम होती. चाळिशीची, उंच, काळीसावळी, डोक्याला फडकं बांधलेली. सगळे तिला मावशी म्हणत.

त्या अंगणात सगळेच हातानं बोलत. कोणी जेवला का, पाणी आलं का, कोणाचं पोर आजारी आहे, सगळं हातानं. शेठची खूण होती पोटावर गोल हात फिरवणं. दिवाणजीची खूण मिशीला पीळ देणं, आणि गंमत म्हणजे त्यांना मिशी नव्हती, एकेकाळी होती म्हणे. मला या खुणा मावशीनं शिकवल्या. पहिल्या दिवशी दुपारी, यंत्रं थोडा वेळ बंद असताना, डबा सोडता सोडता ती म्हणाली, "बाबू, इथं तोंडाचं काम फक्त भाकर खायचं. बाकी सारं हातानं. पाय, हे काय?" तिनं अंगठा छातीला लावला.

"म-म-मी," मी म्हणालो.

"हाव. मी. हे पयलं शिकून घे. कोणी पुसलं कोणी केलं, तं अंगठा लावाचा. लपून राहाचं नाई. हातानं बोलणाऱ्याचं खोटं सगळ्या अंगणाले दिसते."

सुरुवातीला बायांनी माझी खूण ठेवली होती दोन बोटं ओठांवर टकटक वाजवणं. माझ्या अडकण्याची नक्कल. ती ठेवली होती मावशीच्या जावेनं. ती त्याच टोळीत होती, तोंडानं तिखट, हातानं त्याहून तिखट. मला त्याचं वाईट वाटायचं, पण सवय होती. दहा-बारा दिवसांनी मावशीच्या ते लक्षात आलं. तिनं जावेचा हात धरून खाली केला आणि नवी खूण करून दाखवली: अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासणं, सरकी दाबून पाहावी तशी. त्या दिवसापासून अंगणात तीच माझी खूण झाली. दुरून कोणी बोटं घासली की मी मान वर करायचो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी अशा नावानं हाक मारत होतं, जे नाव मी स्वतः न अडखळता सांगू शकत होतो.

दोन हंगाम असे गेले. मला वाटायचं, मी सुधारलो. खरं तर मला बोलावंच लागत नव्हतं.

तिसऱ्या हंगामात, डिसेंबरात, गावोगाव फिरून कापूस विकत घेणारा, खेडा खरेदीचा एक व्यापारी दोन ट्रॉल्या घेऊन आला. मी हात घातला तर आत कापूस गार आणि जड. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं होतं, शंकाच नव्हती. मी मूठ वर करणार एवढ्यात व्यापाऱ्यानं माझं मनगट धरलं. त्या वेळी वीज गेलेली होती, यंत्रं बंद होती, आणि फाटकात सात-आठ गाड्यांची माणसं उभी होती.

"काय बे, ओ-ओ-ओला आहे म्हंतं काय?" तो मोठ्यानं म्हणाला. "बोल ना. कायनं ओला आहे? दवानं? पाण्यानं? बोल, मी रातभर थांबतो. माया ट्रॅक्टर बंद करून येतो."

रांगेतली माणसं हसली. एक जण म्हणाला, "राहू दे ना भाऊ, त्याले हकलावते." दुसरा म्हणाला, "अबे, तो म्हणेपर्यंत कापूस वाळून जाईन!" पुन्हा हसले. मला 'पाणी' म्हणायचं होतं. 'प' ओठांवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. मान झटके देऊ लागली. हे अडखळणं खरं होतं, हेही सांगून ठेवतो. मग वीज आली, यंत्रं सुरू झाली, सगळे आवाज बुडाले. आता मूठ आवळली असती तर संपलं असतं. पण व्यापारी माझ्याकडे पाहत होता आणि माझ्या नकलेसाठी त्याच्या ओठांचा चंबू तयार होता. त्याच्याशी वाद नको, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मी तळवा उघडला.

अंगणाच्या मध्यातून मावशीनं ट्रॉलीच्या वजनानं दबलेल्या चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं मूठ दाखवली आणि भुवया उचलल्या. ओला ना? मी पुन्हा तळवा उघडला. तिनं परत मूठ दाखवली. या वेळी मी चिडून तळवा दोनदा हलवला. तिनं मान वळवली आणि ट्रॉल्या मोठ्या ढिगाकडे पाठवल्या.

पाच-सहा दिवसांनी त्या ढिगात हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब होती. ओला कापूस ढिगात दाबला गेला की आतून तापतो. रुई पिवळी पडते, सरकी कुबट होते, आणि जिनिंगमध्ये तापलेला ढीग म्हणजे सगळ्यांच्या पोटात आगीची भीती. ढीग फोडला. आत हातभर जाडीचा पिवळा पट्टा निघाला आणि वाफ वर आली. शेठनं मुख्य बटण बंद करायला लावलं. यंत्रं एकामागून एक थांबली आणि कानात नुसता नाद राहिला. इतक्या शांततेची आम्हाला कोणालाच सवय नव्हती.

"ही गाडी इकडं कोणी पाठवली?" शेठ म्हणाले. ते मारवाडी, पण वऱ्हाडी आमच्यासारखीच बोलत, रागावले की हिंदीवर येत. "सीधी बात है. एक तर पाहणारा चुकला, नाही तर खूण देणारी चुकली. बोलो."

अंगणात सगळे उभे होते. आठही बाया, दिवाणजी, हमाल. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट पाहत होती, दुपारी डब्याशी मला खूण शिकवताना पाहायची तशी.

'मी' म्हणताना मी पुष्कळदा अडायचो, पण त्या क्षणी ते ओठांवर तयार होतं. घसा मोकळा होता. श्वास होता. मला आठवतं, मला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं होतं. जे अडखळतात त्यांना हे कळेल: शब्द येणार आहे की अडणार आहे, ते आम्हाला आधीच कळतं. तो येणार होता. आणि तो आला असता तर माझं काम गेलं असतं. पुन्हा मुलाखती, पुन्हा नाव, पुन्हा घरी जाऊन आईला 'जागा भरली होती'.

मी ओठ आवळले. मान डावीकडे झटकली. "म… म… म…" केलं. डोळे मिटले. मला माहीत होतं की समोरचा माणूस किती वेळ थांबतो. सगळे तेवढाच वेळ थांबतात. शेठनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रहने दे, रहने दे," ते हळू म्हणाले आणि मावशीकडे वळले. "बाई, याचा हात कधी चुकला नाही. तुमचंच पाहण्यात काही झालं."

मावशी म्हणाली, "माया हात नाई चुकला, शेठ. म्या दोनदा पुसलं."

"मग त्यानं ओली दाखवली की कोरडी?"

ती माझ्याकडे पाहत होती. बोलायचीही गरज नव्हती मला. अंगठा छातीला लावला असता तरी पुरलं असतं. अंगणातल्या प्रत्येक माणसाला ती खूण कळत होती. माझे दोन्ही हात मी पँटच्या खिशात घातले.

मावशीनं माझ्या खिशांकडे पाहिलं, आणि मग तिनं उत्तरच दिलं नाही. तिनं माझं नाव का घेतलं नाही, हे मी पुढे अनेकदा स्वतःला विचारलं. तिची जाऊ मात्र मागून बोलली, "आमाले बुडवलं हिनं. नजर गेली तरी मुकादमकी सुटत नाई." शेठनं मावशीला उद्यापासून येऊ नका म्हटलं. टोळी मुकादमाच्या नावानं येते आणि मुकादमाच्या नावानंच जाते. हंगामाचे अडीच महिने बाकी असताना आठही जणी गेल्या. दुसऱ्या आठवड्यात नवी टोळी आली. तिनं माझ्यासाठी नवी खूण शोधली, ती सांगण्यासारखी नाही.

मी तिथे आणखी चार हंगाम काढले. मग एका सूतगिरणीत कापूस तपासणाऱ्याची जागा निघाली. शेठनं चिठ्ठी दिली. तीत लिहिलं होतं, ओलावा ओळखण्यात हा माणूस चुकत नाही. मी ती चिठ्ठी नेऊन दिली आणि मला नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. मावशीबद्दल कानावर यायचं. ती पुन्हा कधी मुकादम झाली नाही, निंदणाला जाते, जाऊ तिला भांडणात अजून तेच बोलून दाखवते. मामा हे सांगत आणि मी विषय बदलत असे. विषय बदलणं मला जमत होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोनं वर्ध्यातल्या एका गटाबद्दल ऐकलं. आमच्यासारखी अडखळणारी माणसं रविवारी सकाळी एकत्र जमतात. कॉलेजची मुलं, एक शिक्षिका, एक शेतकरी, एक बँकेत काम करणारा. मी तीन रविवार नुसता बसून राहिलो. चौथ्या रविवारी माझं नाव सांगायला मला जवळजवळ एक मिनिट लागलं आणि कोणीही दुसरीकडे पाहिलं नाही. बसमध्ये घरी येताना मी खिडकीकडे तोंड करून रडलो. पन्नाशीला आलेला माणूस. त्या गटात मला पहिल्यांदा वाटलं की माझं अडखळणं ही माझी चूक नाही, ते माझ्या बोलण्याची चाल आहे.

मग एका रविवारी गटातल्या शिक्षिका म्हणाल्या, "आज सगळ्यांनी बाजारात जायचं आणि मुद्दाम अडखळायचं. जिथं शब्द सहज येतो तिथंही. भाव विचारताना, पत्ता विचारताना. मुद्दाम केलं की भीती जाते."

कॉलेजची मुलं हसली. एक म्हणाला, "म-म-म्हणजे, मॅडम, अ-अ-अॅक्टिंग?"

"हो, अॅक्टिंगच. आपल्यापैकी कोणी कधी मुद्दाम अडखळलंय का?"

कोणीच हात वर केला नाही. मीही केला नाही. त्या रविवारी मी बाजारात गेलो नाही, घरी आलो. माझ्या अडखळण्याला मी नुकतंच आपलं म्हणायला लागलो होतो, आणि आपलं म्हणायचं तर त्या डिसेंबरातलं 'म… म… म…' सुद्धा माझंच होतं. ते मला बाजूला काढून ठेवता येईना. खऱ्या अडखळण्यासाठी मी जगाकडून समजूत मागत होतो आणि त्या समजुतीचा सगळ्यात वाईट उपयोग मीच केलेला होता.

बायकोला सगळं सांगितलं. तेरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तिनं निवडत असलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "सोमवारी सुट्टी टाका."

हिंगणघाटहून बस धरली. कंडक्टर आला. "स… स… स…" मी सुरू केलं. तो तरुण होता, कान पुढे करून उभा राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "सेवाग्राम काय? उलट्या गाडीत बसला तू!" बस हसली. मीही हसलो, पण शब्द सोडला नाही. "स… समुद्रपूर," मी म्हणालो. तिकीट हातात घेतलं तेव्हा ते मी दोनदा वाचलं. पुढे मावशीचं गाव पाच किलोमीटर. तिथे ऑटोनं गेलो.

मावशी घराच्या सावलीत बाजेवर बसलेली होती. केस पांढरे झालेले, अंगानं वाळलेली. समोर चार-पाच बाया तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यातल्या एकीला मी लगेच ओळखलं, ती जाऊ होती; बाकीच्यांतही टोळीतल्या दोघी होत्या. आता दोघींची घरं एकाच अंगणात होती. मी उभा राहिलो. मावशीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोण आहे वं?"

मी बोलायला तोंड उघडलं. पण तिनं माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. मग तिनं उजवा हात वर केला आणि अंगठा दोन बोटांवर घासला.

मी मान हलवली. तिच्या बाजेशी खाली बसलो. तिनं विचारलं, "काय रे बाबू, लगन झालं का? आई बरी आहे?" आई गेली, हे सांगायला मला वेळ लागला. ती थांबली. एका सुनेनं पाणी आणलं, म्हणाली, "जोरानं बोला, भाऊजी. जिनातल्या साऱ्या बाया कमी ऐकते. आमच्या घरी टीवी बंद असला तं शेजारी पुसते, कोणी मेलं काय म्हणून."

बाया हसल्या. मी पाणी प्यायलो आणि मावशीच्या कानाशी वाकून हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. ती गाडी, तो व्यापारी, तो तळवा. बरंच अडखळलो. तिनं मध्येच माझ्या तोंडासमोर हात धरला.

"मले काय सांगून राह्यला?" ती म्हणाली. "मले मालूम नाई काय? माया डोयानं पायलं म्या. अठरा वर्सं झाले, मी तुये खिसे इसरली नाई." तिचा आवाज मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. शेंगा सोलणारे हात थांबले. "तवा म्या तुयं नाव घेतलं नाई, कावून का तू आपल्या हातानं सांगावं. हातच शिकवला होता तुले. तू नाई सांगितलं. ठीक. आता आला ना? मंग याइले सांग. यायनं मले अठरा वर्सं आंधळी म्हंतलं. हे बसली पाय, हिले सांग."

जाऊ माझ्याकडे पाहत होती. मांडीवर शेंगांचं सूप तसंच. "काय सांगाचं आहे?" तिनं विचारलं. "काय भानगड आहे?"

मी उठून उभा राहिलो. शेजारच्या घरातून दोन माणसं बाहेर आली होती. या वेळी मला आधीच कळलं होतं की शब्द अडणार आहे. चांगलाच अडणार आहे. मी दोन्ही हात खिशातून काढलेले होते. उजव्या हाताचा अंगठा छातीला लावला आणि तो तिथेच धरून ठेवला. शब्द आला नाही. कोणीतरी "बसा भाऊ, बसा" म्हणालं. मी बसलो नाही. मावशीनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि सगळ्या थांबल्या.

"म… म… म्या," मी मोठ्यानं म्हणालो. "ते ओ… ओली गाडी म्या पाठवली. मावशीनं म… मले दोनदा पुसलं, म्या दोनदा क… कोरडी म्हणून दाखवलं. शेठनं पुसलं तवा मले बोलता येत होतं. म्या हकलाचं स… सोंग केलं. तिचा हात नाई चुकला, तिची न… नजर नाई चुकली. तुमचं सगळ्याइचं काम म्या घालवलं. मावशी, म… म… माफी माग… माफी मागतो मी तुयी. सगळ्याइची."